मत आधी आले

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

आवणी उरकली असेल, कंबर अजून धरलेली असेल. रेडिओ बांधावर ठेवून ऐकत असाल तर आधी तो पावसापासून सांभाळा, मग माझे ऐका.

आज मला मताबद्दल बोलायचे आहे. निवडणूक तोंडावर नाही, म्हणूनच बोलते. निवडणुकीत बोलले असते तर तुम्हीच विचारले असते, बाई, तू कोणाकडून आलीस? तसे कोणाकडून आलेले नाही. गटाच्या बैठकीत एक बोलणे मी फार वेळा ऐकते, त्यावर बोलायला आले आहे. ते बोलणे असे की आधी पोटाचे बघा, मताचे मग बघू. गरिबाला मत काय करायचे? रस्ता होऊ दे, कारखाना येऊ दे, चार पैसे हातात येऊ देत, मग बाई आपोआप बोलायला लागेल.

हे नुसते आपल्या पाड्यावरचे बोलणे नाही. शिकलेले अर्थतज्ज्ञही असे म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की विलायतेत आधी गिरण्या आल्या, शाळा आल्या, बाई कमवायला लागली. लग्न झालेल्या बाईची कमाई तिची स्वतःची, असा कायदा तिथे १८७० साली झाला. तिची मालमत्ता तिची, हे १८८२ साली ठरले. मत आले त्याच्या किती मागून! १९१८ साली, तेही तीस वर्षांवरच्या आणि घर-मालमत्तेशी संबंध असलेल्या बायांना. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडले. म्हणजे आधी पैसा, मग मालमत्ता, मग मत. पायऱ्या चढत गेल्यासारखे.

ऐकायला पटते. पण जग काही एकाच जिन्याने चढत नाही. न्यूझीलंड हा मेंढ्या पाळणारा, नव्याने वसलेला देश. तिथल्या बायांनी जवळजवळ ३२,००० सह्या गोळा केल्या आणि १८९३ साली मत घेतले. साऱ्या देशात बायांना मत देणारा तो पहिला देश. फिनलंडमध्ये १९०६ साली मत आले, तेव्हा तिथले लोक बहुतेक शेतकरी आणि गरीब होते. आणि स्वित्झर्लंड? घड्याळे, बँका, गाईचे दूध, साऱ्या जगाचा पैसा तिथे ठेवायला येतो. त्या देशातल्या बाईला देशाच्या निवडणुकीत मत मिळाले १९७१ साली. त्यांच्या एका छोट्या प्रांतात तर गावकीच्या सभेत बाईला हात वर करायला १९९० सालापर्यंत मिळत नव्हते. आपल्या झरीच्या, कोचाईच्या आजीने त्यांच्या कितीतरी आधी मत दिले होते. हे मी सांगितले की गटातल्या पोरी हसतात. हसा, पण खरे आहे.

आता आपल्याकडचे सांगते.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात बायांना मत १९२१ साली मिळाले. रमाबाई रानडे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. पण ते मत कोणाला? जिच्या नावावर जमीन, घर, कर भरल्याची पावती, तिला. पुढे १९३५ च्या कायद्याने दार थोडे रुंद केले. मालमत्तावाल्याची बायको, लिहिता-वाचता येणारी बाई, यांनाही मत आले. साऱ्या हिंदुस्थानात मिळून अशा बाया सुमारे ६० लाख झाल्या. त्याच कायद्यात डहाणू तालुका आणि उंबरगाव पेठा यांना वेगळे काढले होते, 'अंशतः वगळलेला प्रदेश' म्हणून. तेव्हा तलासरीचा भाग उंबरगावात होता. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. म्हणजे आपला मुलूख कागदावरसुद्धा वगळलेला होता.

बरे, वगळला नसता तरी काय? आपल्या वारली, कोकणा, दुबळा, काथोडी बाईच्या नावावर जमीन होती का? तिच्या नवऱ्याच्या नावावर तरी होती का? जमीन सावकाराची. गवत सावकाराचे. झाड इजारदाराचे. लग्न करायचे तर देज द्यायचे, ताडी द्यायची, गावाला जेवण द्यायचे. त्यासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे, आणि ते फिटेपर्यंत नवरा आणि नवी नवरी दोघांनी त्याच्याकडे राबायचे. त्याला लग्नगडी म्हणत. पुष्कळदा ते मरेपर्यंत फिटत नसे. कर्ज त्याने काढले, पण गहाण ती पण पडली. नवऱ्याचे राबणे शेतात, हिचे शेतात आणि सावकाराच्या घरातही. तिथे तिची इज्जत कोणी राखली नाही. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळे लिहून ठेवले आहे. तुमच्या वाचनालयात असेल तर एखादीने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असे करून बघा.

२३ मे १९४५ ला झरीला सभा झाली. हजारो वारली जमले. वेठ करणार नाही, रोख मजुरी घेतल्याशिवाय सावकाराच्या शेतावर काम करणार नाही, असे ठरले. रोज मागितला तो बारा आणे. पुढे गोदावरी आणि शामराव परुळेकर, लोक त्यांना गोदाराणी म्हणत, आणि किसान सभेची माणसे पाड्यापाड्यावर फिरली आणि लग्नगड्यांना सोडवले. मग गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. हा इतिहास तुम्हाला माहीत आहे, दर वर्षी आपण त्यांची आठवण करतो. मला त्यातले एवढेच धरायचे आहे: बारा आणे मागणाऱ्या त्या बाईला तेव्हा मत नव्हते. आणि पाच वर्षांत ते आले.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. एकवीस वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला मत. जमीन असो-नसो, अक्षर येवो-न येवो, बाई असो की बुवा. पुढे १९८९ साली वय अठरावर आले. एकवीस किंवा अठरा, पण त्यापुढे कुठलीच अट नाही. दूरदूरच्या श्रीमंत देशांना पायरी-पायरीने जे करायला शंभर वर्षे लागली ते आपल्याकडे एका फटक्यात झाले. म्हणजे आपल्याकडे पोट भरायच्या आधी मत आले. लग्नगडी सुटून अजून अंगणात नीट उभा राहिला नव्हता, तोच त्याच्या आणि तिच्या हातात मत होते.

पहिली निवडणूक १९५१-५२ ला झाली. वाचता येत नाही म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. बैलजोडी, झोपडी, असे काही. चिन्ह बघून चिठ्ठी टाकायची. पण एक अडचण आली. यादी करणारे घरोघर गेले तेव्हा देशात कितीतरी बायांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असे सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असे चालणार नाही, मत माणसाचे असते, नात्याचे नाही. आणि नाव न सांगितल्यामुळे सुमारे २८ लाख बायांची नावे त्या यादीत राहिली नाहीत. बहुतेक उत्तरेकडच्या. मला हा निर्णय कठोर वाटतो, पण योग्य वाटतो. पुढच्या वेळी बायांनी नावे सांगितली.

१९५७ साली ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेवर निवडून गेले. उठावाच्या वेळी ज्या माणसाला सरकारने जिल्ह्याबाहेर काढले होते, त्यालाच ठाण्याच्या लोकांनी मत देऊन दिल्लीला पाठवले. तुम्ही आज कोणत्या पक्षाला मत देता हा प्रश्न इथे नाही. मताचा जोर किती असतो हे त्यावरून दिसते.

पण मत आले म्हणून सगळे आले का? नाही. कूळकायदा झाला, १९५७ च्या कूळकायद्याच्या दिवशी कसणाऱ्याला जमीन मिळाली, पण सातबाऱ्यावर नाव चढले बाप्याचे. आवणी तिची, निंदणी तिची, राब भाजायला डोक्यावर पाला तिने आणला, आणि कागदावर ती कुठेच नाही.

आणि पैसा येतो तेव्हा काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच भिंतीवर आहे. लग्नाचा चौक कोण लिहायचे? सवाशिणी. धवलेरी गाते, सवाशिणी लिहितात, त्याशिवाय वारल्याचे लग्न लागत नाही. आपल्याकडे लग्न लावणारी बाईच. १९७० नंतर हे चित्र भिंतीवरून कागदावर आले, मुंबई-दिल्लीला गेले, त्याला किंमत आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे मोठे कलाकार, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती त्यांना मिळायलाच हवी होती. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण विचार करा, शेकडो वर्षे जे बायांच्या हातात होते, त्याला बाजारभाव आल्यावर बाजारात जाणारे हात बहुतेक पुरुषांचे झाले. आता गटातल्या बाया साडीवर, डायरीवर वारली काढायला लागल्या आहेत, पैसे आपल्या खात्यात घेतात. चांगले चालले आहे. पण पैसा आला म्हणून बाईला हक्क आपोआप आला, असे इथे तरी झाले नाही. उलट पैसा आल्यावर हक्क हातात धरून ठेवावा लागला.

म्हणून मला त्या अर्थतज्ज्ञांचे म्हणणे अर्धेच पटते. विकासाने बाईला मत मिळते हे कुठे कुठे खरे असेल. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. मत आहे, त्याने विकास कसा आणायचा, आणि आलेला विकास कोणाच्या नावावर जमा करायचा?

यात पंचायतीने फरक केला. आधी पंचायतीत एखादी-दुसरी बाई घेतलेली असायची, कोपऱ्यात बसून चहाची वाट बघणारी. १९९० साली महाराष्ट्राने ३० टक्के जागा ठेवल्या. १९९३ साली घटनेतल्या ७३ व्या दुरुस्तीने साऱ्या देशात एक तृतीयांश झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. लोक म्हणाले, सरपंच बाई, पण कारभार तिच्या नवऱ्याचा. आहेच तसे पुष्कळ ठिकाणी. 'सरपंचपती' हा शब्द कोणी उगाच काढलेला नाही. तरीही ऐका. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात अभ्यासकांनी गावे तपासली. कुठली पंचायत बाईसाठी राखीव होणार हे तिथे पाळीने ठरते, म्हणून तुलना करता येते. बाई प्रमुख असलेल्या पंचायतीत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला. कारण सोपे आहे. पाण्याची तक्रार करणाऱ्या बाया असतात, आणि हंडा घेऊन जाणारीला हंड्याचे वजन समजते. मार्च-एप्रिलला आपल्या डोंगराकडच्या पाड्यांवर विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणाऱ्या बाईला हे मी सांगायची गरज नाही.

दुसरा मोठा बदल वनहक्क कायद्याने केला, २००६ च्या. त्यात स्वच्छ लिहिले आहे की वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. एकटी बाई कुटुंब चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. आणि वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्यात. सावकाराच्या काळापासून आजपर्यंत आपल्या भागातल्या बाईचे नाव जमिनीच्या कागदावर कायद्यानेच चढवले असेल, तर बहुतेक या कागदावर. तुमच्या घरात पट्टा असेल तर आज रात्री पेटीतून काढा आणि बघा, दोघांची नावे आहेत का. तुमचे नाव बरोबर लिहिले आहे का. मी एका पाड्यावर असा पट्टा पाहिला की त्यात बाईच्या जागी दुसरेच नाव. नवऱ्याने हसून सांगितले, लिहिणाऱ्याला ऐकू आले नाही. बाई हसली नाही.

हे आताच का सांगते? कारण जमिनीला आता भाव येतो आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन डहाणू-तलासरीतून जाते. मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग जातो. वाढवणच्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, ७६ हजार कोटींच्या वर खर्च आहे. तुम्हाला आठवत असेल, १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि १९९८ मध्ये हेच बंदर डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारले होते. बंदर हवे की नको, हे मी तुम्हाला रेडिओवरून सांगणार नाही. किनाऱ्यावर मासळी विकणारी मांगेली बाई एक सांगेल, वापीच्या कंपनीत जाणारी पोर दुसरे सांगेल, आणि दोघींना सांगायचा हक्क आहे. मी एवढेच म्हणते की मोबदल्याचा चेक कागदावरच्या नावाने निघतो. कागदावर एकच नाव असेल तर एकाच्याच हातात जातो. तो चेक मोटारसायकल होऊन दारात उभा राहिलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

आता ग्रामसभेबद्दल. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले. पाड्यातल्या लोकांनी ठराव केला तर पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. मोठ्या गावाच्या सभेत आपल्या पाड्याची बाई मागे उभी राहते. पाड्याची सभा तिच्या अंगणात भरेल. शिवाय ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती घेतली म्हणून रजिस्टर फिरवून सह्या-अंगठे गोळा करतात, हे तुम्हाला माहीत आहे. अंगठा देण्याआधी विचारायचे, कुठला ठराव झाला? वाचून दाखवा. एवढे विचारले तरी पुष्कळ.

पण अडचण वेगळीच आहे, आणि ती फार कोणी बोलत नाही. ग्रामसभा बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. आपली माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, कुठे कुठे. मिरगाच्या तोंडाला परत येतात. म्हणजे चारपैकी दोन सभा भट्टीवाल्या बाईच्या जातातच. आणि त्या दोन सभांत काय ठरते? पुढच्या वर्षाच्या कामांचा आराखडा, उन्हाळ्यातले पाणी, रोजगार हमीची कामे. रोजगार हमी मिळाली असती तर ती भट्टीवर गेली नसती, आणि ती भट्टीवर गेली म्हणून रोजगार हमी मागायला सभेत कोणी नाही. भट्टीची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. लग्नगडी गेला, वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा झाला, आणि उचल मात्र राहिली. हे लिहिताना माझा हात थांबला होता. पण आहे ते आहे.

एका गटाने यावर साधा उपाय केला. भट्टीवर जाणाऱ्या बायांनी जाण्याआधी, २ ऑक्टोबरच्या सभेतच, आपल्या मागण्या लेखी देऊन पोच घेतली. किती जणांना काम हवे, कुठल्या विहिरीचा गाळ काढायचा. जानेवारीत सभेला त्या नव्हत्या, पण गावात राहिलेल्या दोघींनी पोच दाखवून ते वाचायला लावले. विहिरीचा गाळ निघाला. काम सगळ्यांना मिळाले नाही. तरी दोन घरांच्या बाया त्या साली भट्टीवर गेल्या नाहीत.

बायांच्या मताचे आणखी एक हत्यार आहे, ते आपल्याकडे कमी वापरले जाते. परवान्याचे दारूचे दुकान बंद करायला गावातल्या एक चतुर्थांश बायांनी अर्ज करायचा. मग गुप्त मतदान होते. चिठ्ठीवर दोन बाटल्या: उभी आणि आडवी. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवी निवडली तर दुकान बंद. लक्षात ठेवा, आलेल्यांच्या निम्म्या नाही, यादीतल्या निम्म्या. म्हणजे जी घरी बसली तिचे मत उभ्या बाटलीला गेल्यासारखेच. दमण-सिल्वासाची चोरटी दारू याने थांबत नाही, त्यासाठी पोलिसांच्या मागेच लागावे लागते.

पंधराशे रुपयांचे विचारतात बाया. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यात यायला लागले. कोणी म्हणते, पैसे घेतले तर मत द्यायला पाहिजे. अजिबात नाही. ते सरकारी तिजोरीतले पैसे आहेत, तुम्ही साबण घेता त्याच्या करातूनही ते जमा होतात. घ्या, मिळण्याजोगे असतील तर घ्याच. मत मात्र पडद्यामागे आहे, तिथे नवरा नाही, पुढारी नाही. मला त्या पैशांत आवडते ते एवढेच की ते बाईच्या खात्यात येतात. काही जणींनी त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा बँकेत स्वतःचे नाव सांगितले.

नावावरून आठवले. लग्न होऊन या वर्षी पाड्यावर नव्या सुना आल्या असतील. त्यांची नावे माहेरच्या यादीत आहेत, किंवा कुठेच नाहीत. नवे नाव घालायला ६ नंबरचा फॉर्म, माहेरहून सासरी आणायला किंवा चूक दुरुस्त करायला ८ नंबरचा. वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा पुरी झाली की नाव घालता येते. पंचायतीची यादीही याच यादीवरून होते, हे विसरू नका. तुमच्या मतदान केंद्राच्या अधिकारी बहुतेक अंगणवाडी सेविका किंवा शाळेतल्या बाईच असतात.

अंगणवाडी हा शब्दसुद्धा आपल्याच मातीतला, बरे का. १९४५ साली, झरीची सभा झाली त्याच वर्षी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्यायची, गुरे चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात न्यायची. त्या अंगणातल्या मुलींच्या नाती आज यादी घेऊन तुमच्या दारी येतात. त्यांना बसायला पाट द्या, पाणी द्या, आणि घरातल्या प्रत्येक बाईचे पूर्ण नाव, वय, नीट सांगा.

१५ ऑगस्टची ग्रामसभा आता आठवड्यावर आली आहे. तिच्या आधीची महिला सभा कुठल्या दिवशी, किती वाजता, हे उद्याच ग्रामसेवकांना विचारा. दुपारी बाराला ठेवली असेल तर सांगा, बाया निंदणीला असतात, संध्याकाळी चारला घ्या.